आतोबांच्या शिळेवरचा करडा चौकोन

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार? पण आत्याच्या बाबतीत जे झालं ते ऐकूनही ज्याचं डोकं थंड राहील, त्याने कृपा करून माझ्या दुकानाची पायरी चढू नये. त्याचे कपडे त्याने घरीच धुवावेत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने धक्क्यावरच्या वजनकाट्यावर काढली. मालाचा ट्रक काट्यावर उभा राहायचा, आत्या खिडकीतून वजन वाचायची, चष्मा काढून पुसायची, परत वाचायची आणि मगच पावती फाडायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. "बाई, एकदा बघितलं की कळत नाही का?" असं कोणी म्हणालं की ती तिसऱ्यांदा बघायची. मुद्दाम.

आतोबा, म्हणजे तिचा नवरा, तिला तिथेच भेटले. ते धक्क्यावर हमाल होते. ट्रक काट्यावर आला की हा माणूस गुपचूप मागच्या फळीवर जाऊन उभा राहायचा, आणि वजन एका माणसाइतकं वाढायचं. आत्या खिडकीतून ओरडायची, "त्या जास्तीच्या मालाला आधी खाली उतरवा!" वर्षभर हा खेळ चालला. मग त्या जास्तीच्या मालाने लग्नाचं विचारलं, आणि आत्याने, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, दोनदा बघून हो म्हटलं.

हमालाच्या हातात लोखंडी हूक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. पोत्यात रुतवायचा आणि पोतं पाठीवर घ्यायचं. पण मालाची दोरखंडाने बांधलेली मोठी गाठ असली की ती एकट्याच्या बापालाही उचलवत नाही. मग दोघं दोन बाजूंनी दोरखंडाखाली हूक घालतात आणि त्यांची टोकं एकमेकांत अडकवतात. एकाने हात सोडला की गाठ दुसऱ्याच्या पायावर. त्यामुळे धक्क्यावर जोडीदार हा शब्द बायकोच्या बरोबरीचा. आणि धक्क्याची खूणही तीच, एकमेकांत अडकवलेले दोन हूक. हातगाड्यांवर, चहाच्या टपरीवर, हमालांच्या संघाच्या खोलीच्या दारावर, सगळीकडे तेच. हमाल गेला की त्याच्या दफनाच्या शिळेवर ते दोन हूक कोरायचे, आणि ते त्याच्या जोडीदारानेच कोरायचे. कोरता येवो न येवो. वेडेवाकडे आले तरी चालतील, पण दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

मग ती टोळी आली. धक्क्यावर आयुष्यात एक पोतं न उचललेली पोरं. बाहेरून कामाला येणाऱ्यांना हाकलायचं, हा त्यांचा धंदा. त्याला ते इमान म्हणायचे. आणि ह्या उपटसुंभांनी निशाणी कुठली घेतली? दोन हूक! शर्टावर हूक, भिंतीवर हूक, झेंड्यावर हूक. का, तर म्हणे आम्ही कष्टकऱ्यांची पोरं. अरे, तुमच्या हातांना घट्टे तरी आहेत का? माझ्या इस्त्रीने माझ्या हाताला पडलेत तेवढेही नसतील.

एका सकाळी पाळी बदलताना ह्या टोळीने धक्क्याच्या फाटकावर कामाला नव्याने आलेल्या माणसांना अडवलं आणि मारायला सुरुवात केली. त्यात एक विशीतला मुलगा होता. धक्क्यावर त्याला सगळे 'नवा' म्हणायचे, कारण तो नवा होता, बस. आतोबा मधे पडले. नव्याला त्यांनी आपल्या अंगाखाली घेतलं. त्यांच्या डोक्यात लोखंडी गज बसला आणि ते तिथेच गेले. मारणाऱ्याच्या छातीवर दोन हूक छापलेले होते. आतोबांच्या खांद्यावर त्यांचा स्वतःचा हूक होता.

आतोबांच्या जोडीदाराने शिळेवर हूक कोरले. लोक म्हणाले, आता तरी नको रे बाबा, आता ह्या खुणेचा अर्थ वेगळा झाला. तो म्हणाला, "त्यांनी माणूस नेला. खूणपण देऊ काय?" आत्याने त्याला अडवलं नाही.

हे सगळं जुनं. आता त्या चौकोनाकडे येते.

इंटरनेटवर एक ठिकाण आहे. तिथे गावोगावचे स्वयंसेवक आपापल्या भागातल्या दफनभूमीत जाऊन शिळांचे फोटो काढतात, त्यांवरचा मजकूर टाइप करतात आणि गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक पान तयार करतात. दूर राहणाऱ्या लेकीला बापाची शिळा घरबसल्या दिसावी, एवढाच हेतू. पगार नाही, मानधन नाही. आत्या निवृत्त झाल्यावर ह्यात शिरली आणि बुडालीच. तिचा कॉम्प्युटर माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, कारण इंटरनेट माझं आणि वाफेची ऊब तिच्या गुडघ्यांना बरी. लोकांचे सूट डोक्यावर लटकलेले असतात आणि त्यांच्या खाली आत्या मेलेल्यांची नावं टाइप करत बसलेली असते. नवीन गिऱ्हाईक दचकतं.

काम मात्र तिचं चोख. शिळेवरची अक्षरं झिजलेली असली की ती हातातल्या आरशाने उजेड तिरका पाडते, म्हणजे खाचांत सावली बसते आणि नाव उठून दिसतं. खडू घासून अक्षरं पांढरी करणाऱ्यांवर तिचा भयंकर राग. "दगड म्हणजे काय शाळेचा फळा आहे?"

त्या ठिकाणी खरं नाव कोणी लावत नाही. आत्याचं नाव 'चष्मा'. तिच्यासकट सातजण नियम ठरवणारे, त्यांना पंच म्हणतात. त्यांच्या मुख्याचं नाव 'घुबड'. एक 'सायकल' आहे. आणि अलीकडेच आलेला, भारी उत्साही, तो 'लिंबू'. नावं ऐकून मी आधी हसले होते. आता हसू येत नाही.

टोळीतली माणसंही मरतातच की. त्यांची पानं तयार व्हायला लागली आणि त्यांवर हूकच हूक. पुढे ह्यांची मजल इतकी गेली की टोळीने मारलेल्या माणसांच्या पानांवर जाऊन, जिथे लोक फुलाचं चित्र ठेवतात, तिथे हे हूक ठेवायला लागले. आतोबांच्या पानावरसुद्धा. आत्या रोज सकाळी चहाच्या आधी ते पुसायची. एक दिवस तिने पंचांपुढे नियम मांडला. दोन हुकांची खूण दिसली की तिच्यावर करडा चौकोन टाकायचा, आणि खाली लाल अक्षरांत लिहायचं, 'येथील खूण हिंसक टोळीची आहे. या व्यक्तीचा त्या टोळीशी संबंध असू शकतो.' कोणीतरी विचारलं, अपवाद? आत्या म्हणाली, "अपवाद ठेवलात की प्रत्येक गुंडाचा भाऊ येऊन सांगेल, आमचा दादा साधा हमाल होता. अपवाद नको." मला ते तेव्हा पटलं होतं. नियम होता फक्त पुढे तयार होणाऱ्या नव्या पानांपुरता, आणि आतोबांच्या पानावर शिळेचा फोटो नव्हताच. त्यांचा हसरा फोटो होता, आणि खाली ते कसे गेले ते आत्याने लिहिलेलं होतं.

नंतर आत्याच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे स्क्रीनपुढे बसायला बंदी केली. आणि नेमकं त्याच काळात घुबडाने मोहीम काढली, हाच नियम लावून जुनी पानं स्वच्छ करा! जो जास्त पानं तपासेल त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. मोठमोठी माणसं हो, कोणी बँकेत, कोणी शाळेत, आणि ताऱ्यासाठी अशी तुटून पडली की बालवाडी बरी. त्यातच कोणीतरी हौशी माणूस आमच्या दफनभूमीत फिरून गेला आणि आतोबांच्या शिळेचा फोटो पानावर चढवून गेला. लिंबूने तो पाहिला, पंचांनी दिलेल्या खुणांच्या तक्त्यातल्या चित्राशी ताडला, हूक म्हणजे हूक, टाकला चौकोन. अशा गोष्टीला आणखी दोघांची मान्यता लागते. दोघांनी दिली. चौकोनाच्या बरोब्बर खाली आत्याने लिहिलेलं वाक्य होतं, 'धक्क्याच्या फाटकावर टोळीने केलेल्या मारहाणीत मृत्यू.' ते एकानेही वाचलं नाही. एकानेही! डोळे होते ना? ऑपरेशन तर आत्याचं झालं होतं!

आम्हाला हे कळलं ते डॉक्टरांची बंदी उठता उठता, नवाकाकांच्या फोनवरून.

हो, तोच नवा. आता त्यांचे केस पिकलेत, दोन मुलं कमावती झालीत, दुसऱ्या शहरात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण नाव नवाच. त्या दिवसानंतर ते इथून गेले ते परत आलेच नाहीत. फाटक डोळ्यांपुढे आलं की छातीत धडधडतं म्हणायचे. दर वर्षी आतोबांच्या दिवशी त्या पानावर फूल ठेवायचे आणि मग आत्याला फोन करायचे. शिळा त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

आत्या शर्टांना बटणं लावत होती, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता.

"वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की, नवाभाऊ."

नवाकाकांनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली. मग म्हणाले, "आमचे दादा... त्यांचा आधी त्या टोळीशी काही संबंध होता का?"

आत्याने सुई शर्टात टोचून ठेवली. "कोण म्हणालं?"

"पानावर लिहिलंय. लाल अक्षरांत. शिळेवर काहीतरी झाकलंय, त्यांची खूण म्हणतात. मी म्हटलं, असतील आधी त्यांच्यातले. मग मला मार खाताना बघून मन फिरलं असेल. तसं असलं तरी वहिनी, माझा जीव त्यांनीच वाचवला, ते काही खोटं होत नाही. पण मी माझ्या पोरांना ह्या माणसाचं नाव सांगून वाढवलंय. पोरगा काल विचारत होता, बाबा, हे काय? मी काय सांगू?"

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या मिनिटाला कळलं. इस्त्री एका सुटाच्या पाठीवर होती, ती तशीच राहिली आणि सूट जळला. जळू दे. ज्याच्यासाठी माणूस मेला, त्यालाच आता शंका यायला लागली होती की आतोबाच मारणाऱ्यांतले होते की काय. आणि ही शंका पेरली कोणी? टोळीने नाही. चांगल्या माणसांनी. तारा मिळवणाऱ्यांनी.

आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "नवाभाऊ, ते त्यांच्यातले नव्हते. कधीच नव्हते."

"हो, वहिनी," ते म्हणाले. पण त्या 'हो'मध्ये दम नव्हता. बायको आणखी काय सांगणार, असा तो 'हो' होता. आत्यालाही तो ऐकू आला.

मी कॉम्प्युटर उघडला आणि लिंबूला लिहायला बसले. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, माझ्या दुकानात लहान मुलंही येतात. आत्याने मागून येऊन सगळं खोडलं आणि स्वतः लिहिलं, 'हे पान चुकीचं झाकलं गेलं आहे. कृपया मजकूर वाचा.' थोड्या वेळाने लिंबूचं उत्तर आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. 'चष्माताई, नियम तुमचाच! तुमच्याकडूनच शिकलो. अपवाद नको!'

"हसतोय बघ गधडा," मी म्हटलं.

"त्याला माहीत नाही माझा नवरा आहे तो," आत्या म्हणाली.

"माहीत नाही तर विचारायचं! तोंड दिलंय ना देवाने? की तेसुद्धा चौकोनाखाली झाकलंय?"

आत्याने पंचांची बैठक मागितली. ती बैठक म्हणजे स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे. मला बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मी आत्याच्या बाजूला चादरी घड्या घालत बसले. घुबड दिसायला गोरागोमटा, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज असा गुळगुळीत की स्टार्च म्हणून कॉलरला लावावा.

"चष्माताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," तो म्हणाला.

हे वाक्य ज्याने शोधून काढलं तो मला एकदा भेटायला हवा.

"भावना बाजूला ठेवा," आत्या म्हणाली. "चूक झाली आहे. मारलेल्या माणसाला तुम्ही मारणाऱ्यांत बसवलंय."

"त्यावर दोन सोपे उपाय आहेत," घुबड म्हणाला. "एक, शिळेचा फोटोच काढून टाकू. फोटो नाही तर चौकोन नाही आणि लाल ओळही नाही. पान पहिल्यासारखं स्वच्छ. दुसरा, तुम्ही आमच्यातल्याच आहात. तुमच्या यजमानांपुरती आम्ही डोळेझाक करतो. कोणाला कळणार नाही."

मी मनात म्हटलं, घे आत्या, दुसरा घे, आणि चल उठ. तसं मी कोपराने तिला ढोसलंही. तिने माझा हात बाजूला केला.

"फोटो काढायचा म्हणजे त्यांची शिळा लपवायची," आत्या म्हणाली. "शिळेत लपवण्यासारखं काही नाही. आणि डोळेझाक माझ्या नवऱ्यापुरती केलीत, तर त्यांच्या शेजारी झोपलेत त्यांचं काय? आमच्या धक्क्यावरच्या सगळ्या हमालांच्या शिळांवर हूक आहेत. टोळी जन्मायच्या आधीपासून आहेत. त्यांच्या बायका काही तुमच्या पंचांत नाहीत. मला नियम बदलून हवा. झाकायच्या आधी पान वाचा. घरचं कोणी सापडत असेल तर विचारा. आणि चौकोन टाकलाच तर खाली लिहा, ही खूण आधी कोणाची होती."

"एवढी पानं," घुबड म्हणाला. "विचारत बसायला वेळ कोणाकडे आहे? शेवटी आपण सगळे स्वयंसेवक."

म्हणजे फुकट काम करतो, म्हणून आमची चूकही फुकट! मी घडी घातलेली चादर परत उस्कटली.

"आणि चष्माताई, तुमचंच वाक्य आहे," त्याने चष्मा नाकावर सरकवून वाचून दाखवलं, "अपवाद ठेवलात की प्रत्येक गुंडाचा भाऊ येऊन सांगेल..."

"माझंच आहे," आत्या म्हणाली. "तेव्हा मी घाईत होते. मी काट्यावर कधी घाई केली नाही, इथे केली. नियम माझा होता, चुकला, बदला. ह्यात लाजण्यासारखं काय आहे?"

तेव्हा सायकल बोलली. ती एक मध्यमवयीन बाई. म्हणाली, "माझ्या भावाला त्या टोळीने कायमचा अधू केला. मला ती खूण दिसली की मी अजून पान बंद करून टाकते. चष्माताई, तुमचे यजमान चांगले होते ह्यात मला शंका नाही. पण मला ती खूण बघायची नाही. कोणाच्याही शिळेवर नाही. आधी कोणाची होती, ते वाचून माझा भाऊ उठून चालायला लागणार नाही."

तिच्यावर मला रागावता येईना. घुबडावर येतो, लिंबूवर तर येतोच येतो, पण हिच्यावर कसं रागावणार? आणि रागावता येत नाही ह्याचाच मला आणखी राग आला.  आत्याने नुसती मान डोलावली.

मत घेतलं. सातांपैकी चौघं नियम आहे तसा ठेवा म्हणाले. घुबड म्हणाला, "पुढच्या वर्षी ह्यावर पुन्हा सविस्तर चर्चा करू." म्हणजे भिजत घोंगडं. मग सगळ्यांचे चेहरे एकेक करून विझले.

"सोड ते सगळं," मी म्हटलं. "राजीनामा दे त्यांच्या तोंडावर."

"राजीनाम्याने नवाभाऊंना काय कळणार आहे?" आत्या म्हणाली. तिने फोन उचलला आणि त्यांना म्हणाली, "नवाभाऊ, तुम्ही इकडे या. मी सांगून तुमचं समाधान होत नाही, मला कळलं ते. पानावर काय झाकलंय ते येऊन डोळ्यांनी बघा."

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण रविवारी आले. बसमधून उतरले तेव्हा धुवून इस्त्री केलेला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. धक्क्याच्या रस्त्याने जायचं नाही एवढी एकच अट घातली. आम्ही लांबच्या रस्त्याने दफनभूमीत गेलो.

चालताना आत्याने त्यांना सगळं सांगितलं. हूक आधी कोणाचे, जोडीदाराने का कोरले, सगळं. ते हं, हं करत होते. नवखा मुलगा, आल्या आल्या मार खाल्लेला, त्याला धक्क्याच्या रीतीभाती शिकायला वेळ मिळालाच कुठे होता? त्याने हूक पाहिले ते मारणाऱ्यांच्या छातीवर.

शिळा दिसली तसे ते थबकले. नजर हुकांवर गेली, आणि माणूस पांढरा पडला. दोन पावलं मागे सरकले आणि शेजारच्या शिळेचा आधार घेतला.

"वहिनी, मला नाही जमणार."

आता मात्र माझा तोल गेला. "काका, कमाल करता! त्यांनी गज डोक्यावर घेतला आणि तुम्हाला दगडावरच्या दोन रेघा बघवत नाहीत?"

"तू गप्प बस," आत्या माझ्यावर खेकसली. आयुष्यात ती माझ्यावर इतकी कधी ओरडली नव्हती. "त्यांना लागलंय ते तुला लागलेलं नाही."

मग ती शिळेपाशी गेली, गुडघे धरून खाली बसली, आणि दोन्ही तळहात त्या हुकांवर ठेवले. पूर्ण झाकले. म्हणाली, "या, नवाभाऊ. आता दिसत नाहीत. तुम्हाला जे बोलायचं ते बोला. तुम्ही म्हणेपर्यंत मी हात काढत नाही."

मी बघतच राहिले. झाकण्यावरून एवढं रामायण, मतं झाली, भांडणं झाली, आणि ही बाई स्वतःच्या हातांनी झाकून बसली! पण हिने आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं होतं. त्या ताऱ्यावाल्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघितलं होतं?

नवाकाका हळूहळू पुढे आले. डोक्यावरची टोपी काढली. आतोबांचं नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचलं. ऊन तापलं होतं, दगडही तापलेला असणार, पण आत्या हलली नाही. बरीच मिनिटं गेली. मला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटायला लागली, पण बोलायची सोय नव्हती.

"हात काढा, वहिनी," ते म्हणाले.

"नक्की?"

"काढा."

तिने हात काढले. नवाकाका वाकले आणि डोळे बारीक करून बघायला लागले. एक हूक मोठा होता, एक लहान. एका हुकाची रेघ घसरून बाजूला गेली होती.

"हे वाकडे का?"

"जोडीदाराने कोरलेत. त्याला कुठे येत होतं कोरायला? तीन वेळा छिन्नी बोटावर मारून घेतली."

"आणि त्यांच्या शर्टावरचे सरळ होते," नवाकाका म्हणाले. "एकदम सरळ. छापलेले."

असं म्हणाले आणि त्यांचा चेहराच बदलला. इतकी वर्षं फोनवर मी ह्या माणसाचा आवाज ऐकत होते. 'हो वहिनी', 'बरं वहिनी', इतकाच. तो माणूस त्या दफनभूमीत भर दुपारी ओरडला. "चोर! चोर साले! हेपण चोरलं! माणूस मारला आणि त्याच्याच दारातली खूण चोरून आम्हाला तिची भीती घालत राहिले! इतकी वर्षं मी ज्याला घाबरलो ते आमच्या दादांचं होतं!" पुढे त्यांनी टोळीला ज्या शिव्या घातल्या, त्या मी धक्क्यावर वाढूनसुद्धा ऐकल्या नव्हत्या. पलीकडे फुलं ठेवणारी माणसं वळून बघायला लागली. बघू दे. मी एकेक शिवी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते.

ओरडून ओरडून दम लागला तेव्हा ते थांबले आणि आत्यापुढे हात जोडले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "वहिनी, मी शंका घेतली. त्या लाल ओळीवर विश्वास ठेवला आणि तुमच्यावर ठेवला नाही. मला माफ करा."

आत्या गुडघ्यावर जोर देऊन उठली. तळहात लालभडक झाले होते. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. ती चिडलेली होती. बैठकीत चिडली नव्हती, लिंबूवर चिडली नव्हती, ती आता चिडली.

"माझी कसली माफी मागता?" ती म्हणाली. "शंका माझ्यावर घेतलीत का? ज्यांच्यावर घेतलीत ते हे इथे आहेत. त्यांची मागा."

नवाकाका शिळेकडे वळले आणि एक हात त्या वाकड्या हुकांवर ठेवला.

"दादा," ते म्हणाले, "चुकलो."